न आलेल्यांची वही : आजीच्या कागदपत्रांच्या कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर २०२३

पाऊस ओसरून हवेतली ओल थोडी कमी झाली, म्हणून आज आजीची ट्रंक माळ्यावरून उतरवून ओटीवर आणली. दापोली तालुक्यातील आमच्या गावी पावसाळ्यात जुने कागद उघडणे म्हणजे ते बुरशीच्या हवाली करणे होय. पाऊस पुरता गेल्याशिवाय आजी स्वतःही ही ट्रंक कोणाला उघडू देत नसे, आणि तिचा तो नेम मोडावा असे मला वाटले नाही.

आजी या वर्षीच्या जानेवारीत गेली. तिला एक्याण्णव वर्षे पूर्ण झाली होती. त्यांतली चाळीस वर्षे, म्हणजे जून १९४९ पासून मे १९८९ पर्यंत, तिने प्राथमिक शाळेत शिकवले. गावात तिला नावाने कोणी हाक मारल्याचे मला आठवत नाही. सर्वांसाठी ती ‘बाई’ होती. माझी आई चौथीपर्यंत तिच्याच हाताखाली शिकलेली, त्यामुळे लग्न होऊन या घरात आल्यावरही ती सासूला ‘बाई’च म्हणत राहिली.

पुढच्या जानेवारीत वर्षश्राद्ध आहे. तोपर्यंत सर्व कागद स्कॅन करायचे आणि त्यांच्या आधारे साठेक पानांची पुस्तिका तयार करायची, असे घरात ठरले आहे. ट्रंकेत ३७ वह्या, पाठाच्या टाचणांचा एक गठ्ठा, पत्रांचे दोन जुडगे, सेवापुस्तकाची प्रत, एक टाक आणि शाईच्या वड्यांची पत्र्याची डबी निघाली. तळाशी वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा पाला होता. पाल्याचा केव्हाच भुगा झाला होता, तरी वरच्या थरातल्या काही वह्या सोडल्या तर कसर फारशी कुठे लागलेली दिसली नाही.

९ ऑक्टोबर २०२३

आज माझ्या हातून नुकसान झाले, ते इथे नोंदवून ठेवते. टाचणांचा गठ्ठा दमट लागत होता, म्हणून दोरी सोडून तो पडवीत सावलीला पसरला आणि मी माजघरात गेले. दुपारी खाडीवरून वारा सुटतो हे लहानपणापासून माहीत असूनही पानांवर काही ठेवायचे सुचले नाही. परत आले तेव्हा पाने अंगणभर पसरली होती, काही गडग्यापलीकडे आगरात गेली होती आणि तीन पाने विहिरीजवळच्या दोणीत पडली होती. शेजारच्या मुलांनी धावून सगळी गोळा केली. एकही पान हरवले नाही, परंतु क्रम गेला.

ती तीन पाने टिपकागदात घालून फळीखाली दाबून ठेवली आहेत. शाई पसरली आहे, पण अक्षर वाचता येते. खरी अडचण वेगळी आहे. आजीने प्रत्येक टाचणावर दिनांक आणि महिना लिहिला आहे, वर्ष मात्र लिहिलेले नाही. वर्षाची चिठ्ठी दोरीखाली खोचलेली होती. आता ११२ सुटी पाने आहेत आणि कोणते पान कोणत्या वर्षाचे, हे पानावरूनच ओळखावे लागणार आहे.

१५ ऑक्टोबर २०२३

आज पानांवरच्या अनुस्वारांनी वाट दाखवली. काही पानांवर ‘मुलें’, ‘केलें’, ‘घरीं’, ‘नाहीं’ असे लिहिलेले आहे आणि काहींवर तेच शब्द शीर्षबिंदूवाचून आहेत. ‘कवि’ आणि ‘बुद्धि’ हे शब्दही एका गटात ऱ्हस्व आणि दुसऱ्या गटात दीर्घ आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम १९६२ साली आले, त्यांत न उच्चारले जाणारे हे अनुस्वार काढून टाकण्यात आले आणि शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहावेत असे ठरले. तेव्हा अनुस्वार असलेले पान १९६२ च्या आधीचे आणि नसलेले नंतरचे, अशी सरळ विभागणी करून ६१ पाने एका फाइलमध्ये आणि ५१ पाने दुसरीत ठेवली.

एका पानावर मात्र आजीने आधी ‘तें’ लिहून मग तो बिंदू नखाने खरवडून काढलेला आहे. त्या जागी कागद पातळ झाला असून उजेडासमोर धरला की बारीक भोक दिसते. तिशी ओलांडलेल्या, मुलांच्या पाट्या रोज तपासणाऱ्या बाईला आपला हात नव्याने वळवावा लागला, त्याची ही खूण आहे. हे पान स्कॅनरऐवजी खिडकीशी धरून, मागून उजेड घेऊन टिपले.

२९ ऑक्टोबर २०२३

गणिताच्या टाचणांसाठी अनुस्वारांपेक्षा नाणी अधिक खात्रीची ठरली. ‘रु. आ. पै.’ असे तीन रकाने असलेली पाने १ एप्रिल १९५७ पूर्वीची आहेत, कारण त्या दिवसापासून रुपयाचे शंभर भाग झाले. ‘न. पै.’ असे लिहिलेली पाने त्यानंतरची. पुढे १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळून नुसते ‘पैसे’ राहिले, म्हणून तिसरा गटही वेगळा काढता आला. जुन्या पानांवर शेर आणि मण आहेत, नंतरच्या पानांवर किलो.

यांतील एक टाचण मी तीनदा वाचले. सोळा आण्यांचे शंभर पैसे करायचे म्हणजे एका आण्याचे सव्वासहा होतात, आणि पाव पैसा तर कोणी देत-घेत नाही. म्हणून कोष्टक ठरले होते : एका आण्याचे सहा, दोनांचे बारा, तिनांचे एकोणीस, चारांचे पंचवीस. त्यात बारकी खोच अशी की, चार आणे एकेक करून मोडले तर चोवीसच हाती येतात आणि पावली एकदम मोडली तर पंचवीस. आजीने टाचणात लिहिले आहे : ‘बाजारांत हा एक पैसा कोणाचा जातो तें मुलांकडून काढून घेणें. सांगूं नये.’ त्याखाली उदाहरण बांगडा मासळीच्या वाट्याचे आहे. पुस्तकातली उदाहरणे धान्याची आणि कापडाची असत. तिच्या वर्गातली निम्मी मुले हर्णैच्या बंदराशी जोडलेल्या घरांतली होती, म्हणून तिने उदाहरण बदलले होते.

पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांची गरज दशमान पद्धतीनंतर हळूहळू संपत गेली. आजीच्या टाचणांत मात्र ते १९६४ नंतरच्या पानांवरही दिसतात. आम्हा नातवंडांनाही तिने सुपारी सोलता सोलता दिडकी शिकवली होती, ती का शिकवली हे आता मला कळते आहे. घरात हिशेब अजून दीड आणि अडीच यांतच बोलला जात होता, आणि घरात बोलतात ते शाळेत यायला हवे, ही तिची धारणा होती.

५ नोव्हेंबर २०२३

१५ ऑक्टोबरच्या नोंदीतील अनुस्वाराची कसोटी मी वह्यांनाही लावली होती, ती चुकीची आहे. आज वह्यांपैकी एक छोटी, काळ्या पुठ्ठ्याची वही वाचताना हे पान आले : ‘पहाटे धरणीकंप. फडताळांतील भांडीं खालीं आलीं. कौलें सरकलीं. मुलांस आज पटांगणांत बसविलें, आंत घेतलें नाहीं.’ तारीख ११ डिसेंबर. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला, त्यामुळे या पानाच्या वर्षाबद्दल शंका नाही. आणि इथे तर सगळे अनुस्वार जागच्या जागी आहेत.

म्हणजे आजी दोन प्रकारे लिहीत होती. शाळेच्या टाचणात ती नियम पाळत होती, आणि स्वतःपुरते लिहिताना तिचा हात जुन्या वळणाने जात होता. ट्रंकेतल्या पत्रांतही तसेच आढळले. १९७० नंतरच्या एका पोस्टकार्डावरही ‘पोंचलें’ आहे. तेव्हा अनुस्वाराची कसोटी फक्त टाचणांनाच लावायची, वह्यांना नाही, असा नियम करून वह्यांवरची सर्व अंदाजे वर्षे आज खोडली. दोन आठवड्यांचे काम गेले, पण त्याची हळहळ वाटत नाही, कारण आता पान हातात घेतले की ते तिने कोणासाठी लिहिले आहे हे पहिल्या ओळीतच कळते.

१६ नोव्हेंबर २०२३

भाऊबीजेसाठी आत्या आली होती, तेव्हा तिचे आणि बाबांचे बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड केले. पडवीत वाऱ्याचा आवाज फार येतो म्हणून कोठीच्या खोलीत बसलो. दोन तासांचे रेकॉर्डिंग आहे. उतरवून काढायला वेळ लागेल.

सेवापुस्तकावरून सनावळी पक्की झाली. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीच्या परीक्षेनंतर अनट्रेंड शिक्षिका म्हणून नेमणूक, मधे दोन वर्षे प्रशिक्षण, जून १९५४ मध्ये खाडीपलीकडच्या शाळेत बदली, १९५५ मध्ये लग्न. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या, तेव्हापासून ‘जिल्हा स्कूल बोर्ड’ हे शब्द जाऊन ‘जिल्हा परिषद’ आले. पुस्तिकेत याला अर्धे पान पुरेल.

आत्याने सांगितलेले मात्र सविस्तर घ्यायचे आहे. खाडीवर तेव्हा पूल नव्हता. तरीतून, म्हणजे होडीतून, पलीकडे जावे लागे, आणि भरती-ओहोटीप्रमाणे तरीची वेळ रोज सरकत असे. शाळेची वेळ मात्र सरकत नसे. त्यामुळे आजी कधी तासभर आधी निघे, तर कधी ओहोटीला चिखलातून चपला हातात घेऊन जाई. शाळेच्या पाखाडीशी पोहोचली की पाय धुऊन चपला घालायच्या आणि मगच वर चढायचे, असा तिचा रिवाज होता. ‘मुलांनी बाईंचे चिखलाचे पाय पाहायचे नाहीत, असं आई म्हणायची,’ असे आत्या म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, ‘माझे पाय कोणी धुतले नाहीत. मी तशीच वर्गात बसायची.’ हे वाक्य पुस्तिकेत ठेवायचे की नाही, असे मी तिला विचारले. ठेव, म्हणाली.

३ डिसेंबर २०२३

आजपासून पुस्तिकेचा आराखडा बदलतो आहे.

सेवेची सनावळी, शिकवण्याची पद्धत, घर, निवृत्तीनंतरची वर्षे, अशी सरळ मांडणी माझ्या मनात होती. आज एकविसावी वही उघडली. तिच्यावर वर्तमानपत्राचे वेष्टण आहे आणि त्यावर टाकाने लिहिले आहे : ‘न आलेल्यांची वही’. हजेरीपटावर गैरहजर मुलापुढे फक्त खूण असते. कारण लिहायला तिथे जागाच नसते. आजीने त्यासाठी ही स्वतःची वही केली होती. तीन रकाने आहेत : कोण, किती दिवस, का. १९५४ पासून सुमारे दहा वर्षांच्या नोंदी यात आहेत, आणि निम्म्याहून पुष्कळ अधिक नोंदी मुलींच्या आहेत.

‘का’ या रकान्यातले शब्द असे आहेत : भातलावणी. धाकटें भावंड सांभाळते. पऱ्याला पाणी. तर बंद. गोवर. सोडे निवडण्यास. आंबे. मुंबईस गेली. परकर एकच, वाळला नाहीं. लग्न ठरलें. या शेवटच्या कारणापुढे ‘किती दिवस’ हा रकाना आजीने प्रत्येक वेळी कोरा सोडला आहे.

पुष्कळ नोंदींच्या शेवटी बारीक ‘गे’ आहे. दुपारभर त्याचा उलगडा झाला नाही. मग एका पानावर पूर्ण शब्द सापडला : ‘गेलें होतें’. म्हणजे शाळा सुटल्यावर आजी त्या घरी जाऊन आली होती. वहीत असे १८३ ‘गे’ मोजले. खाडीची तर चुकली की घरी यायला तिला दिवेलागण होऊन जात असे, याबद्दल बाबांनी रेकॉर्डिंगमध्ये तक्रारीच्या सुरात सांगितले होते. ती उशिरा का येत असे, हे त्यांना कधी कोणी सांगितले नव्हते.

१९६४ च्या श्रावणातली एक नोंद इथे उतरवून ठेवते. ‘कोण’ या रकान्यात आत्याचे नाव आहे. ‘किती दिवस’ : ३. ‘का’ : ‘ताप १०२. सासूबाईंजवळ ठेवून आलें.’ त्यापुढे ‘गे’ नाही.

रात्री आत्याला फोन करून हे वाचून दाखवले. ती काही बोलली नाही. फक्त तिथी विचारली आणि ते पान आपल्याला पाठव म्हणाली.

२२ डिसेंबर २०२३

मुख्याध्यापकांची रीतसर परवानगी घेऊन आज शाळेचे जुने जनरल रजिस्टर पाहिले. फोटो काढले नाहीत, फक्त आवश्यक तेवढे टिपून घेतले. वहीतल्या मुलींपैकी कोणी आज हयात असेल तर तिला भेटावे, हा हेतू होता.

रजिस्टरच्या पानांवर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून, १ जून, १ जून अशी रांग दिसते. ज्यांची जन्मतारीख घरच्यांना सांगता येत नसे त्यांना शाळा सुरू होण्याच्या सुमाराची ही तारीख दिली जाई, आणि महाराष्ट्रात त्या पिढीचे कितीतरी लोक आजही कागदोपत्री त्याच दिवशी जन्मलेले आहेत. जून १९५४ पासून मात्र, म्हणजे आजी तिथे रुजू झाल्यापासून, ही रांग तुटते. ते कसे झाले याचे उत्तर तिच्याच एका वहीत आहे. दाखल करायला आलेल्या आईला ती तारीख विचारत नसे. पाऊस होता का, नक्षत्र कोणते होते, गावात तेव्हा काय घडले होते, असे विचारत असे. एका मुलीपुढे लिहिले आहे : ‘आई म्हणते, रामदास बोट बुडाली त्याच्या आदल्या आठवड्यांत, गुरुवारीं. म्हणजे १० जुलै १९४७. १ जून लिहूं नये.’ रामदास बोट मुंबईहून रेवसला जाताना १७ जुलै १९४७ रोजी बुडाली. कोकणातल्या त्या काळच्या माणसांना तो दिवस विसरणे शक्य नव्हते, आणि तो दिवस गुरुवारच होता.

धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट आजी प्रत्येक वर्गाला सांगे. इथून जवळच्याच मुरुडचा हा मुलगा परीक्षेसाठी डोंगर तुडवत पायी साताऱ्याला गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्याला परत पाठवले गेले. या गोष्टीत आम्हाला कर्व्यांची चिकाटी दिसायची. आजीचा रोख बहुधा परत पाठवणाऱ्याकडे होता, असे आज रजिस्टर मिटताना वाटले.

१० जुलै १९४७ ही जन्मतारीख रजिस्टरमध्ये तशीच आहे. ती मुलगी, म्हणजे आता सत्त्याहत्तरीच्या उंबरठ्यावरच्या एक बाई, हर्णैजवळच राहतात, असे शाळेतल्या शिपाईमामांनी सांगितले.

७ जानेवारी २०२४

आज रजिस्टरमधल्या त्या १० जुलैच्या मावशींकडे जाऊन आले. त्यांच्या इच्छेनुसार नाव कुठेही लिहिणार नाही. घर बंदराच्या अंगाला आहे. दारातून सुवर्णदुर्ग दिसतो. दारात जाळे दुरुस्त करायला पसरलेले होते, त्यावरून वाट काढत आत गेले. बाईंची नात म्हटल्यावर त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि ‘हनुवटी बाईंची हाय’ एवढेच म्हणाल्या.

वहीची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना चष्म्यानेही नीट दिसत नाही, म्हणून मी वाचले. साल १९५७, इयत्ता चौथी, नारळी पौर्णिमेनंतरचा आठवडा. ‘का’ : ‘पाय दुखतो म्हणून आली नाहीं. गे.’

मावशी बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होत्या. मग म्हणाल्या, ‘पाय दुखत नव्हता गो. आयेनं तसं सांगायला लावलं होतं.’

त्या वर्षी नवे पैसे आले होते. होड्या पाण्यात गेल्या, मासळी येऊ लागली, आणि गिऱ्हाईक जुने आणे देई, नवे पैसे परत मागे. आईला हिशेब लागेना, रोज पदरचे पैसे जाऊ लागले. चौथीतली ही मुलगी मात्र कोष्टक तोंडपाठ म्हणे, म्हणून आईने तिला शाळेतून काढून टोपलीशेजारी बसवले. आजीने वर्गात शिकवलेल्या धड्यानेच ती वर्गाबाहेर गेली होती.

‘बाई घरी आल्या, तेव्हा आये बोलली पाय दुखतो. बाई बरं म्हणून गेल्या. दोन दिवसांनी बंदरावर आल्या. माझ्यासमोर उभ्या. मी टोपलीत मान घातली. मला विचारलं, तीन आण्यांचे किती? मी सांगितलं, एकोणीस. पावली मोडली तर? पंचवीस. आणि एकेक आणा मोडला तर? मी बोलले, चोवीस, म्हणून मी एकेक मोडून देत नाय. बाई हसल्या न्हाईत. आयेकडं वळल्या आणि बोलल्या, हिला अजून अपूर्णांक यायचे आहेत, ते आले की तुमचा आणखी फायदा होईल.’

मावशी दिवाळीनंतर शाळेत परतल्या आणि चौथी पास झाल्या. पुढची शाळा दूर होती, तिथे गेल्या नाहीत. पण चाळीस वर्षे मासळीचा धंदा त्यांनी आपल्याच हिशेबाने केला, वही न ठेवता, आणि हे सांगताना त्यांनी पाऊणकी म्हणून दाखवली. रेकॉर्डिंग सुरू होते. बाराव्या ओळीवर त्या थांबल्या, ‘पुढची येते, पण दम लागतो’ म्हणाल्या, आणि चहा ठेवायला उठल्या.

घरी येऊन ते पान पुन्हा पाहिले. ‘गे’ नंतर, रकान्याच्या रेषेबाहेर, शिसपेन्सिलीने फार पुसट असे काही लिहिलेले आहे, ते स्कॅनमध्ये मला दिसले नव्हते. मूळ वही दिव्याजवळ तिरपी धरल्यावर लागले : ‘पाय बरा आहे. हिशेब चोख.’

१४ जानेवारी २०२४

पुस्तिकेची मांडणी आता अशी : सुरुवातीला सेवेची सनावळी दोन पानांत, मग टाचणांतली निवडक पाने, आणि त्यापुढे ‘न आलेल्यांची वही’ जशीच्या तशी, मुलींची नावे मात्र झाकून. आत्याचे नाव तिच्या सांगण्यावरून तसेच ठेवले आहे. मूळ वह्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ट्रंकेत परत ठेवल्या, वेखंडही नवे घातले.

मावशींच्या नोंदीचे काय करायचे, हे काल त्यांनाच फोन करून विचारले. कारण खोटे आहे हे आता माहीत झाले आहे, तेव्हा छापताना दुरुस्त करायचे का? त्या म्हणाल्या, ‘बाईंच्या हातचं हाय, खोडू नको. बाजूला लिही.’ त्याप्रमाणे सूचीत त्या पानापुढे मी लिहिले : ‘कारण : आईच्या मदतीला बंदरावर. माहिती देणार, स्वतः विद्यार्थिनी, जन्म १० जुलै १९४७.’